प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी विहारातली वंदना आटोपून मंडळी पांगू लागली होती. आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो. तेवढ्यात मागच्या चाळीतल्या एक मावशी जवळ आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत सुनेची दवाखान्याची फाईल. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले. एक गोष्ट सांगा. करोनात तुम्हीच दारोदार सांगत होता, प्रतिकारशक्ती वाढवा, प्रतिकारशक्ती वाढवा. आणि आमच्या सुनेला डॉक्टरीणबाई प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या देतीय. खरं कुणाचं धरायचं? तुमचं का तिचं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आवक-जावक लिहिणे, जमा-खर्च जुळवणे हे आमचे काम; शरीराचा जमा-खर्च आम्हांला कुठला ठाऊक? "मावशी, विचारून सांगतो," एवढेच म्हणालो. पण प्रश्न मनाला टोचत राहिला, कारण त्यात आमचीच एक चूक दडलेली होती. ती पुढे सांगूच. त्यानंतरचे तीन रविवार आम्ही ओळखीच्या डॉक्टरांचे उंबरे झिजवले. आपल्या वस्तीतली एक मुलगी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिच्याकडून तिची पुस्तके समजावून घेतली. जे पदरात पडले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, रोगप्रतिकारशक्ती या शब्दातल्या 'शक्ती'ने आपला घोटाळा केला आहे. शक्ती म्हटली की ती जितकी जास्त तितकी बरी असे आपण धरून चालतो. पण कचेरीच्या फाटकावरचा शिपाई आठवा. त्याच्या दंडात किती बळ आहे यावर तो चांगला ठरत नाही. त्याला माणसे ओळखता आली पाहिजेत. चोर दिसला की त्याने अडवावे, कचेरीतल्या कामगाराला सलाम करून आत सोडावे, आणि चहाची किटली घेऊन येणारा पोऱ्या बाहेरचा असला तरी निरुपद्रवी आहे हे त्याला कळावे. हाच शिपाई उद्या चहावाल्या पोऱ्याला काठीने झोडपू लागला तर? आणि परवा आपल्याच कामगारांना चोर समजून कोंडू लागला तर? पहिल्या प्रकाराला डॉक्टर ॲलर्जी म्हणतात. दुसऱ्याला ऑटोइम्यून आजार, मराठीत स्वयंप्रतिकाराचे आजार. आता अशा शिपायाला बदाम-दूध पाजून त्याचे बळ वाढवायचे की त्याचा हात धरायचा, हे वाचकांनीच ठरवावे.

हे शिपाई म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या हाडांच्या मगजात तयार होतात. त्यांतल्या काही पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत जातात. लहानपणी ही ग्रंथी चांगली मोठी असते, वय वाढते तशी ती आक्रसत जाते. तिथे या पेशींची परीक्षा होते. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीवर ओळखीचे शिक्के असतात. ते शिक्के पाहून जी नवी पेशी अंगावर धावून जाते तिला तिथल्या तिथे मारून टाकले जाते. बहुतेक उमेदवार या परीक्षेत बाद होतात, थोडे पास होतात. दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी प्रतिपिंडे तयार करतात, म्हणजे रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ज्यांना अँटीबॉडी लिहिलेले असते ती. एकदा पाहिलेला शत्रू या पेशी वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. बाळाला टोचलेली लस काम करते ती याच आठवणीच्या जोरावर. आणि ॲलर्जी होते तीही या आठवणीमुळेच. चुकीची नोंद एकदा दप्तरी गेली की ती खोडणे किती अवघड असते, हे आम्हा कारकुनांना कुणी सांगायला नको.

ही गोष्ट पहिल्यांदा उघडकीस आली तीसुद्धा अपघातानेच. 1901 साली फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रातल्या विषारी जिवांचा अभ्यास करायला गेले. परत आल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष थोडे थोडे टोचून कुत्र्यांना त्याची सवय होते का, हे पाहायचे ठरवले. पहिल्या टोचणीला कुत्रा नीट राहिला. तीन आठवड्यांनी त्याच धडधाकट कुत्र्याला पुन्हा थोडेसे विष टोचले, तर तो अर्ध्या तासाच्या आत मेला. सवय व्हायची ती राहिली बाजूला, शरीर उलटे बिथरून बसले होते. या शोधासाठी रिशे यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांना घटसर्पाच्या मुलांमध्ये असेच काही दिसले. घोड्याच्या रक्तापासून केलेले औषध दुसऱ्यांदा टोचले की काही मुलांना लगेच ताप येई, अंगावर गांधी उठत. 1906 साली त्यांनी या उलट्या वागण्याला 'ॲलर्जी' हे नाव दिले. सर्पदंशावरची लस आजही घोड्याच्या रक्तापासूनच करतात. म्हणून ती देताना डॉक्टर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवतात. (लस मात्र नाकारू नये. रिॲक्शन सांभाळता येते, नागाचे विष थांबत नाही.)

आपल्या भाषेत याला 'वावडे' असा सुंदर शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे, कुणाला कोळंबीचे. अंगावर गांधी उठल्या की आपण 'पित्त उठले' म्हणतो आणि कोकम चोळतो. वास्तविक त्याचा पोटातल्या पित्ताशी काही संबंध नाही. होते असे, की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध एक खास जातीचे प्रतिपिंड तयार केलेले असते. ते 1966 साली किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नीने शोधून काढले. मुळात हे प्रतिपिंड पोटातल्या जंतांसारख्या शत्रूंशी लढण्यासाठी असावे असे शास्त्रज्ञ मानतात. ते कातडीखाली, नाकात, श्वासनळीत काही पेशींना चिकटून दबा धरून बसते. तोच पदार्थ पुन्हा आला की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन नावाचे द्रव्य सांडते. मग खाज, सूज, शिंका, पाणी. तेच श्वासनळीत झाले की दमा उसळतो, आणि एकदम सगळ्या अंगभर झाले की रक्तदाब कोसळून माणूस मिनिटांत दगावू शकतो. मधमाशी चावल्यावर, इंजेक्शन घेतल्यावर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, घेरी आली तर कोकम चोळत बसू नये, रिक्षात घालून थेट दवाखाना गाठावा. आणि ज्या औषधाची रिॲक्शन आली त्याचे नाव ठळक अक्षरात लिहून कागद पाकिटात कायमचा ठेवावा.

दुसरी एक ॲलर्जी आहे, ती सावकाश येते, दोन-दोन दिवसांनी. हिचा फटका आपल्या माणसांना जास्त बसतो, कारण ती कामाच्या हातांना होते. गवंडीकाम करणाऱ्यांचे हात चिरतात, खाजतात. सिमेंटमधल्या क्रोमियमचे ते वावडे असते. खोट्या दागिन्यांतल्या निकेलमुळे बायकांच्या कानाच्या पाळ्या चिघळतात. आणि काँग्रेस गवत तर आपल्या महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. मूळचे अमेरिका खंडातले हे गाजर गवत 1955 च्या सुमारास पुण्यात आढळले. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर आले असे सर्वसाधारणपणे सांगतात. पुढे ते रेल्वेच्या कडेने, पडीक रानांतून देशभर पसरले. 1970 च्या दशकात पुण्याच्या डॉक्टरांनी त्यापासून होणाऱ्या कातडीच्या रोगाची नोंद जगापुढे मांडली. खुरपणाऱ्या बाया आणि रोजंदारीचे मजूर हे गवत उघड्या हातांनी उपटत. चेहरा, मान, पापण्या, कोपराच्या घड्या लाल होऊन जाड पडत. विशेष असे की, काहींना ते गवत हातात न धरताही, नुसत्या वाऱ्यावर उडणाऱ्या भुग्यानेच त्रास होतो. आमचे एक चुलते गावी होते. दर पावसाळ्यात त्यांचा चेहरा काळवंडून सालटे निघायची. गावाने ठरवले, कुणीतरी करणी केली. दोन कोंबड्या आणि एक बोकड देऊन झाले. शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारले, "घरामागं गाजर गवत आहे का?" घरामागे कमरेएवढे उभे होते.

दम्याचेही तसेच. मृग नक्षत्र लागले की हैदराबादला जिवंत मासा गिळायला हजारो माणसे जातात, आपल्या भागातलीही जातात. त्याने दमा बरा होतो असे शास्त्राच्या कसोटीवर कुणी दाखवून दिलेले नाही. आणि जो फवाऱ्याचा पंप डॉक्टर देतात त्याची मात्र आपल्याला भीती! "पंपाची सवय लागते" हे वाक्य आम्ही किमान पन्नास घरांत ऐकले असेल. औषध थेट श्वासनळीत जाते म्हणून त्याचा डोस गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतो. सवय लागते ती रोगाची. चाळीतल्या खोल्यांत झुरळे, गाद्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे, ओल आणि भिंतीवरची बुरशी ही दम्याची खरी कारणे, आणि त्यांतली निम्मी तरी आपल्या हातात नाहीत, घराच्या मालकाच्या आणि पालिकेच्या हातात आहेत. मुलाच्या दम्यावरून आईला बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता मावशींच्या सुनेच्या आजाराकडे वळू. शिपाई आपल्याच माणसांवर उलटू शकतो, हे शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षे पटले नव्हते. 1900 च्या सुमारास पॉल एरलिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने एका बकऱ्याचे रक्त दुसऱ्या बकऱ्याला टोचून पाहिले. दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, स्वतःच्या रक्ताविरुद्ध कधीच नाही. त्यांनी म्हटले, शरीराला स्वतःचा घात करण्याची जणू दहशत असते. आपले असे होऊ नये म्हणून काही बंदोबस्त असलाच पाहिजे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण लोकांनी त्यातून अर्थ काढला की असे कधी होतच नाही. मोठ्या माणसाचा शब्द! 1912 मध्ये हाकारू हाशिमोटो या तरुण जपानी डॉक्टराने गळ्याची गाठ आलेल्या चार बायकांच्या थायरॉईड ग्रंथीत पांढऱ्या पेशींनी गर्दी केल्याचे लिहून ठेवले, पण त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. तो लागला 1956 साली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिएक आणि पीटर कॅम्बेल यांनी अशाच रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. आज आपल्या प्रत्येक चाळीत सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेणारी एक तरी बाई आहे. त्यांतल्या पुष्कळींचा आजार हाच.

शिपाई उलटतो कसा, याचे एक उदाहरण गरिबांच्या घरचे आहे म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो. एका खोलीत सहा-सात जणे झोपत असतील तर तो जंतू लवकर फिरतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, घसा बरा होतो, सगळे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. झाले असे की, त्या जंतूच्या अंगावरचा शिक्का आणि आपल्या हृदयाच्या झडपांवरचा शिक्का थोडासा सारखा आहे. शिपाई फसला. सांधे बरे होतात, पण झडप कायमची खराब होऊ शकते. याला संधिवाताचा ताप म्हणतात. श्रीमंत देशांत तो जवळपास दिसेनासा झाला, आपल्याकडे अजून आहे. ज्या मुलाला एकदा तो होऊन गेला त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मूल हिंडते-फिरते दिसते, म्हणून आई-बाप कंटाळून बंद करतात. करू नये. प्रत्येक नव्या झटक्याला झडप आणखी खराब होते.

मावशींच्या सुनेला झाला आहे तो आमवात. हा म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात नव्हे. शंभर-दोनशे माणसांत एखाद्याला होतो, पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त, आणि बऱ्याचदा ऐन उमेदीत. सांध्याच्या आतले नाजूक अस्तर शिपाई चोर समजून झोडपतो. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारचे हाड कुरतडते. त्याची खूण अशी की सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे तासभर तरी आखडलेली राहतात. मूठ वळत नाही, पिठाचा गोळा मळता येत नाही. दुपारपर्यंत हात जरा मोकळे होतात. यातच सारी गोम आहे. सकाळी चहा करायला न उठणारी सून दुपारी शेजारणीशी हात हलवून बोलताना दिसते, आणि सासू म्हणते अंगचोर आहे. मावशींनी स्वतःच आम्हांला सांगितले, "दीड वर्ष मी तिला घालून-पाडून बोलले, भाऊ." वहिनी शिवणाच्या कारखान्यात होत्या. तिथे बोटे चालेनात म्हणून काम सुटले. मधल्या काळात कुणाकडून तरी सांधेदुखीच्या पुड्या आणल्या. पहिल्या पुडीने जादू झाली. दोन महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल झाला, साखर वाढली. पुडीत काय होते याची तपासणी कुणी केली नाही, पण डॉक्टरीणबाईंनी तोंड पाहताच विचारले, "किती दिवस स्टिरॉइड घेता?"

स्टिरॉइड हे काही विष नव्हे. 1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या 29 वर्षांच्या एका आमवाताच्या बाईला कॉर्टिझोन दिले. काही दिवसांत ती चालत बाजारात गेली. 1950 मध्ये हेंच यांना दोघा शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळाले. पण हे औषध शिपायाला गुंगी देते, त्याची समजूत घालत नाही. जास्त दिवस घेतले की हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब चढतो. बरेच दिवस घेऊन एकदम बंद केले तर जिवावरही बेतते. म्हणून ते डॉक्टरच्या हिशोबाने घ्यायचे आणि डॉक्टरच्याच हिशोबाने उतरवायचे.

आमवाताचे मुख्य औषध आज मेथोट्रेक्सेट आहे. मोठ्या मात्रेत ते कर्करोगावर वापरतात, त्यामुळे चिठ्ठी वाचून घरचे घाबरतात. इथे मात्रा थोडीशी, आठवड्यातून एकच वार. हे आम्ही मुद्दाम ठळक छापायला सांगितले आहे. रोजची गोळी समजून कुणी ती रोज घेतली तर रक्ताच्या पेशी खलास होऊन माणूस दगावतो. अशी प्रकरणे घडलेली आहेत. म्हणून वार ठरवावा आणि डबीवर लिहून ठेवावा. मधूनमधून रक्त तपासावे. आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे, कारण पोटातल्या बाळाला हे औषध चालत नाही. तेव्हासाठी दुसरी औषधे आहेत. सासरची मंडळी ऐकतील म्हणून लाजून गप्प राहणाऱ्या सुना आम्ही पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले.

आता आमची चूक. 2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत आमच्या मंडळाने गुळवेल, तुळस, सुंठ, दालचिनी घालून काढा उकळला आणि कॅन घेऊन आम्ही घरोघर वाटला. हेतू चांगला होता. वहिनींना तेव्हा गोळ्या सुरू होऊन आठ महिने झाले होते, हात हलके झाले होते. दाराआडून त्यांनी विचारले, "दादा, माझ्या गोळ्या प्रतिकार कमी करायच्या आहेत म्हणतात. अशा दिवसांत घेऊ का नको?" आम्ही काय म्हणावे? "तूर्त थांबवा वहिनी, काढा घ्या, ताकद वाढेल." कुठल्या अधिकाराने बोललो, आजही कळत नाही. गाड्या बंद, दवाखान्याला जायची सोय नाही. पाच महिने गोळी बंद राहिली. दिवाळीपर्यंत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे वाकली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर सूज गेली, बोटे सरळ झाली नाहीत. आता होणारही नाहीत.

काढ्याचेही सांगून टाकतो. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. त्यांच्या तपासणीत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या, आणि काहींना आधीच ऑटोइम्यून आजार होते. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद मोठ्यांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण ज्याचा शिपाई आधीच बिथरलेला आहे त्याला 'प्रतिकारशक्तीवर्धक' म्हणून काहीही पाजण्याआधी त्याच्या डॉक्टरला विचारावे, एवढे आमच्या हाताला चटका बसून कळले.

आणि शिपाई मुळात बिथरतो का? काही अंशी घराण्यातून येते, पण आई-बापाला नसतानाही मुलाला होते. काही अंशी निमित्त बाहेरचे असते. आमवाताच्या बाबतीत बिडी-सिगारेटचा धूर हे पक्के ठाऊक झालेले निमित्त आहे. करणी, शाप, मागल्या जन्मीचे पाप यांना या हिशोबात रकानाच नाही. गेल्या काही वर्षांत आणखी एक मोठी गोष्ट कळली. थायमसच्या परीक्षेत काही उलट्या डोक्याचे शिपाई चुकून पास होतातच. मग त्यांना आवरणारे वेगळे हवालदार शरीरात असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये ते ओळखून काढले. पुढे 2001 मध्ये अमेरिकेत मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खरजेसारख्या कातडीच्या, अल्पायुषी उंदरांच्या एका जातीत बिघडलेले जनुक शोधले. ते जनुक बिघडले की हे हवालदार तयारच होत नाहीत आणि शरीर स्वतःला खाऊन टाकते. काही लहान मुलग्यांतही तोच बिघाड सापडला. या तिघांना 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मान मिळाला तो प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधाला! मावशींचा प्रश्न किती नेमका होता, हे ही बातमी पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले.

कोडाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यातही हेच होते. कातडीला रंग देणाऱ्या पेशी शिपाई मारून टाकतो. ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, आणि महारोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडतो त्याचे निमित्त वेगळे, ती टिकली आधी बंद करावी. आपल्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जात 'अंगावर डाग आहे काय' असा रकाना आमच्याच मंडळाने छापला होता. गेल्या वर्षी एका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीने तो अर्ज कोरा परत दिला. यंदा तो रकाना काढला आहे. काढायला एवढी वर्षे का लागली, याचे उत्तर आमच्याकडे नाही.

तीन रविवारांनी आम्ही मावशींच्या घरी गेलो. फाटकावरच्या शिपायाची गोष्ट त्यांना सांगितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरीणबाईचंच खरं." मग वहिनींना आम्ही 2020 मधले ते दारातले बोलणे आठवते का विचारले. त्या म्हणाल्या, "आठवतंय की दादा. तुम्ही एकटेच नव्हता सांगणारे." पुढे काही बोलल्या नाहीत. चहा दिला, कप दोन्ही तळव्यांत धरून. फळीवर गोळ्यांची डबी होती. तिच्यावर धाकट्या मुलाच्या अक्षरात 'बुधवार' लिहिलेले होते, आणि शेजारच्या दिनदर्शिकेत प्रत्येक बुधवारी मावशींची फुली होती.